बदलाची बातमी करायची तर आधीची तारीख हवी

प्रश्न थोडक्यात असा: "पत्रकारितेचं शिक्षण संपवून सोलापुरातल्या एका डिजिटल माध्यमात लागून आठ महिने झाले. सामाजिक बदल, पर्यावरण आणि तरुणाई हे तीन विषय माझ्याकडे आहेत. रोज वृक्षारोपण, कार्यशाळा, युवा महोत्सवाच्या प्रेसनोट येतात आणि त्याच छापून होतात. यापलीकडच्या बातम्या शोधायच्या कशा, आकडे तपासायचे कसे, आणि नवे लोक नेमकं कुठे चुकतात?"

तिन्ही विषयांची अडचण एकच आहे. त्यांना तारीख नसते. अपघात, निवडणूक, महापालिकेची सभा हे सगळं एका दिवशी घडतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरात आई विडी वळते आणि मुलगी गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला जाऊ लागते, हा बदल मात्र कुठल्याच एका दिवशी घडत नाही. मग बातमीदार जिथे तारीख मिळते तिकडे पळतो. उद्घाटनाला तारीख असते, रोप लावतानाच्या फोटोला तारीख असते. प्रेसनोटची सवय लागते ती अशी.

त्यावर उपाय एकच: तारीख तुम्हीच तयार करायची. एक जाड वही घ्या (स्प्रेडशीट चालेल, पण वही हरवली तर लगेच कळतं) आणि सहा ते आठ गोष्टींची आजची स्थिती लिहून ठेवा. नोंदीत जागा, दिवस, वेळ, कुणी मोजलं, कशानं मोजलं आणि एकक, एवढं हवंच. फोटो घेतला तर कुठे उभं राहून घेतला तेही लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी तिथूनच पुन्हा घेता येईल. सहा-आठपेक्षा जास्त गोष्टी धरू नका. पंधरा धरल्या की तिसऱ्या महिन्यात सगळ्याच सुटतात.

कुठल्या गोष्टी धरायच्या? सोलापुरात पहिली निर्विवाद पाण्याची. इथला जवळजवळ प्रत्येक सामाजिक प्रश्न कुठे ना कुठे पाण्याला येऊन टेकतो, आणि आकड्यांच्या सर्वांत जास्त चुकाही पाण्याच्या बातम्यांतच होतात. म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

उजनी धरणाचा मृतसाठा (तळाचं, एरवी वापरात न धरलेलं पाणी) ६३.६६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, मिळून साधारण ११७. रोज जाहीर होणारी टक्केवारी ही फक्त उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे "शून्य टक्के" झाल्यावरही धरणात साडेत्रेसष्ट टीएमसी पाणी असतं. "उणे ५० टक्के" म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्म्याइतकं, म्हणजे २६.७८ टीएमसी पाणी मृतसाठ्यातून उचललं गेलं, अजून ३६.८८ टीएमसी शिल्लक आहे. त्या दिवशी "उजनी कोरडं" असा मथळा दिलात तर तो चूक. पण "घाबरण्याचं कारण नाही" हेही चूक, कारण शिल्लक पाण्यात गाळ किती धरला आहे आणि कुठल्या योजनेचा पंप कोणत्या पातळीपर्यंत पाणी ओढू शकतो, हे टक्केवारीत दिसत नाही. म्हणून बातमीत टक्के आणि टीएमसी दोन्ही द्या, आणि पाणीपातळी मीटरमध्ये मिळाली तर तीही.

दुसरी गल्लत विसर्गाची. क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा वेग आहे, टीएमसी हा साठा. साधारण साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग सलग चोवीस तास चालला की एक टीएमसी होतो. नेमका आकडा ११,५७४. हा पाठ करून ठेवा. पावसाळ्यात "दौंडहून इतक्या हजार क्युसेकनं पाणी येतंय" असा निरोप आला की धरण किती दिवसांत किती चढेल हे जागच्या जागी काढता येतं, आणि कुणी अतिशयोक्त दावा केला तर लगेच लक्षात येतं. पाटबंधारे खात्याच्या काही कागदांत क्युमेक असतं. एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे ३५.३ क्युसेक. ही दोन एककं एकमेकांच्या जागी छापली गेली की महापूर तरी येतो, नाहीतर नदी तरी आटते.

आता शहराचा हिशोब. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा प्रचलित निकष. गुणाकार केला की रोजचे १२८ दशलक्ष लिटर, म्हणजे १२८ एमएलडी. वर्षभराचं धरलं तर १.६६ टीएमसी. उजनीतून भीमा नदीत पाणी सोडून ते औज आणि चिंचपूर बंधाऱ्यांत साठवायचं आणि टाकळीहून उचलायचं, या मार्गासाठी किती पाणी सोडावं लागतं? पाटबंधारे खात्याकडून प्रत्येक आवर्तनाचा, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीचा, आकडा घ्या आणि या १.६६ शेजारी ठेवा. फरक डोळ्यांत भरेल. पण तिथेच बातमी सोडून देऊ नका: नदीतलं ते पाणी फक्त सोलापूरसाठी नसतं. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या योजना त्यावर आहेत, काठावरचे शेतीपंप आहेत, शिवाय बाष्पीभवन आणि झिरपणं आहेच. उजनी ते सोलापूर ११० किलोमीटरची, १७० एमएलडीची समांतर जलवाहिनी का मागितली गेली, याचं उत्तर या एका तुलनेत आहे. आणि २०११ चीच लोकसंख्या वापरली हे वाचकाला स्पष्ट सांगा. शहर तेवढंच राहिलेलं नाही. जुळे सोलापूर हे वाढलेलं उपनगर बघितलं तरी कळतं.

हे झालं वरचं गणित. खालचं गणित नळाला. शहराच्या वेगवेगळ्या भागांतली दहा घरं निवडा. काही टाकीजवळची, काही लाइनच्या शेवटच्या टोकाची. प्रत्येक घरातल्या एका व्यक्तीला चार गोष्टी लिहायला सांगा: कुठल्या तारखेला पाणी आलं, किती वाजता, किती मिनिटं, आणि पंधरा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले. समजा बादली ६० सेकंदांत भरली आणि पाणी ९० मिनिटं होतं, तर त्या पाळीत १,३५० लिटर मिळाले. घरात पाच माणसं आणि पाणी पाच दिवसांनी आलेलं असेल तर माणशी रोज ५४ लिटर. कागदावर १३५ आणि घरात ५४. ही बातमी प्रेसनोटमधून कधीच येणार नाही.

यात घोटाळा होतो तो मोटारीमुळे. नळाला थेट मोटार लावून ओढणाऱ्या घरात आकडा फुगतो आणि पुढच्या घरात घटतो. म्हणून प्रत्येक घराच्या नोंदीत "मोटार आहे/नाही" हा रकाना हवा. लोक हे कबूल करायला कचरतात. नाव छापणार नाही हे आधी सांगा आणि शब्द पाळा. दुसरा घोटाळा बादलीचा: पंधरा लिटरची म्हणून विकलेली बादली काठोकाठ भरल्यावर किती धरते, हे एकदा लिटरच्या बाटलीनं मोजून बघा. आठ आठवडे नोंदी झाल्याशिवाय बातमी करू नका. एखादी जलवाहिनी फुटली की दोन आठवडे बिघडतात, आणि मग "तो अपवाद होता" एवढ्या एका वाक्यात तुमची बातमी झटकून टाकली जाते. आणि पाणी रात्री दोनला येत असेल तर घरात कोण उठतं, हा रकाना विसरू नका. तो सामाजिक बदलाचा रकाना आहे.

कागदपत्रांकडे येऊ. माहितीचा अधिकार सगळ्यांना माहीत असतो, पण महाराष्ट्रातल्या दोन गोष्टींवर नवे लोक अडखळतात. अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर तेवढ्यावरूनच परत येऊ शकतो. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. प्रतींना पानामागे दोन रुपये. "पाणीपुरवठा अनियमित का आहे?" असं विचारू नका. "का" ही माहिती होत नाही, आणि तसं उत्तर येतंच. कागद मागा: "१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील अमुक टाकीवरील पाणी सोडण्याच्या नोंदवहीच्या प्रती." नोंदवहीचं खरं नाव काय, ते आधी त्या टाकीवर पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारून घ्या. कागदाचं अचूक नाव लिहिलेला अर्ज टोलवणं कठीण जातं. उत्तराची मुदत ३० दिवस. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस, आणि ते आपल्याकडून राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातं. तिथे वेळ लागतो, म्हणून बातमीचा सगळा भार दुसऱ्या अपिलावर ठेवू नये. वैयक्तिक माहितीच्या अपवादाची तरतूदही २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं अधिक कडक झाली आहे. लाभार्थ्यांची नावं मागण्याऐवजी संख्या, रक्कम, तारीख मागा.

त्याहून सोपी वाट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार महापालिका, जिल्हा परिषद आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. परिपत्रकाची छापील प्रत खिशात ठेवा, कारण टेबलावर बसलेल्याला ते माहीत असेलच असं नाही. आधी फाइल बघायची, कुठलं पान हवं ते ठरवायचं आणि तेवढ्याच पानासाठी अर्ज टाकायचा. दोनशे पानांचं बाड मागवून चारशे रुपये घालवण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

पर्यावरणासाठी दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा. ३१ जुलैपर्यंत आयुक्तांनी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. दरवर्षीचा अहवाल मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवून वाचा. परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे उतरलेले आढळले तर तीच बातमी. ३० सप्टेंबरपर्यंत उद्योगांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र द्यायचं असतं. त्यात पाण्याचा वापर, सांडपाणी, घातक कचरा असे आकडे असतात. साखर कारखाने, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले रंगाई-प्रक्रियेचे कारखाने, फताटेवाडीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प, या सगळ्यांकडे बघायचा दरवाजा तोच. त्यासोबत मंडळानं कारखान्याला दिलेलं संमतीपत्र घ्या. परवानगी किती पाण्याची आणि वापर किती, ही तुलना त्याशिवाय होत नाही.

हवेबद्दल बोलताना मानक कुठलं ते लिहा. पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म धूलिकण) साठी भारताचं वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून ५. त्याच हवेला एका मापानं "समाधानकारक" आणि दुसऱ्या मापानं "आठपट वाईट" म्हणता येतं. शिवाय हवेचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर ठरतो. सकाळी आठ वाजता ॲपमध्ये दिसलेला आकडा शहराच्या माथी मारू नका.

वृक्षारोपणाची बातमी जुलैत करूच नये असं नाही, पण त्या दिवशी फक्त नोंद करा: किती खड्डे, कुठली झाडं, पाणी कोण घालणार, टँकरचे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून. बातमी पुढच्या मे महिन्यात. सोलापूरचा मे पार केलेलं झाड जगलं असं म्हणायला हरकत नाही. सगळी झाडं मोजायची गरज नसते. एका टोकापासून सुरू करून प्रत्येक दहावा खड्डा बघा आणि जिवंत, मेलेलं, रिकामा खड्डा, पुन्हा लावलेलं अशा चार खुणा करा. पुन्हा लावलेलं ओळखायचं कसं? खोडाची जाडी शेजारच्यापेक्षा निम्मी असते आणि आळं ताजं असतं. संस्थेनं दाखवलेल्या जागेवर मोजू नका. त्यांच्याकडून सगळ्या जागांची यादी घ्या आणि चिठ्ठ्या टाकून तीन निवडा.

आणि झाड लावलं म्हणजे पर्यावरणाचं भलं झालं, हे समीकरण इथे तर हमखास फसतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. आधी आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठं, नंतर कमी करून सुमारे बाराशेवर आणलेलं. माळढोक, लांडगा, काळवीट, खोकड हे सगळे गवताचे रहिवासी. उघडं माळरान हे त्यांचं घर आहे, पडीक जमीन नव्हे. तिथे दाट झाडी लावली तर गवत दबतं, शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी उघडे पडतात. "उजाड माळावर फुलली हिरवाई" हा मथळा दिसायला गोड, पण उत्तर सोलापूर तालुक्यातल्या माळासाठी देण्याआधी वनखात्यातल्या वन्यजीव विभागाला एक फोन करा.

आता तरुणाई. हा शब्दच मुळात धोक्याचा. राष्ट्रीय युवा धोरणात (२०१४) तरुण म्हणजे १५ ते २९ वर्षांचे. आपल्याकडे पक्षांच्या युवा आघाडीत पंचेचाळिशीचेही सापडतात. बातमीत वय लिहा आणि ते गृहस्थ नेमकं काय करतात ते लिहा. "तरुणांचं मत" म्हणून कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या चौघांना विचारलं की एमआयडीसीतला, यंत्रमागावरचा, अभ्यासिकेतला आणि गावी ट्रॅक्टर चालवणारा असे सगळे गळतात. बेरोजगारीची टक्केवारी कुणी "सोलापूर जिल्ह्याची" म्हणून दिली तर सर्वेक्षण कुठलं, नमुना किती आणि वयोगट कुठला हे विचारा. राज्याचा आकडा जिल्ह्यावर चिकटवण्याची खोड फार जणांना आहे.

स्थलांतर हा इथल्या तरुणाईचा सर्वांत मोठा विषय, आणि त्याचं वार्तांकन पुण्यात बसून करायचं नसतं. सणाआधी आणि सणानंतर सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसा. साधारण चार तासांचा प्रवास, समोर बसलेला माणूस कुठे जाणार नाही, आणि गर्दीमुळे कुणी ऐकेल याची भीतीही कमी. (गाडीचं नाव ज्या चार हुतात्म्यांवरून पडलं त्यांच्यातले कुर्बान हुसेन हे विशीतले पत्रकार होते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. या शहरात तरुण पत्रकार ही काही नवी जात नाही.) विचारायचं ते मोघम नको. "पुणे कसं वाटतं?" याचं उत्तर "छान" असतं. पगार हातात किती, खोलीत किती जण, घरी महिन्याला किती पाठवतो, मागच्या वर्षात किती वेळा नोकरी बदलली, सोलापुरात किती पगार मिळाला तर परत येशील, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे वीस जणांचे आकडे मिळाले की ते चढत्या क्रमानं लावून मधला काढा; सरासरी नको, कारण एखादा "दोन लाख" म्हणून सगळं बिघडवतो.

मिरवणुका आणि डॉल्बी. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव या मिरवणुका सोलापूरच्या तरुणांचं खरं सांस्कृतिक व्यासपीठ आहेत. तिकडे फक्त उपद्रव म्हणून बघणारा बातमीदार अर्धीच गोष्ट सांगतो. लेझमाचा ताफा किती आठवडे सराव करतो, मुलींचे ताफे कधीपासून, वर्गणी किती आणि फलकावर फोटो असलेल्याकडून किती, साउंडवाल्याला आगाऊ कोण देतं, हे मंडळाच्या खजिनदाराकडे मिळतं. तो अध्यक्षापेक्षा नेहमी जास्त उपयोगी. मिरवणुकीच्या आधी तीन आठवडे भेटा. आदल्या दिवशी त्याला वेळ नसतो आणि दुसऱ्या दिवशी तो बोलत नाही.

आवाज मोजायचा असेल तर नियम नीट माहीत हवेत. २००० च्या ध्वनी नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते ६. मोबाइलमधलं ॲप पुराव्याला चालत नाही. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजात आणि विशेषतः बेसमध्ये तो चुकतो. कॅलिब्रेट केलेलं मीटर कुणाकडून तरी मिळवा, आणि मीटर स्पीकरच्या तोंडाशी न धरता जिथे माणूस राहतो तिथे, म्हणजे खिडकीत किंवा गच्चीवर ठेवा. अंतर लिहा. डेसिबल हे साधं मोजमाप नाही: दहानं वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. त्यामुळे "५५ ची मर्यादा, ११० आवाज, म्हणजे दुप्पट" हे वाक्य लिहू नका. असं लिहिलेलं वारंवार दिसतं. पोलिसांनी किती खटले भरले यापेक्षा आधीच्या वर्षीच्या खटल्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न जास्त कामाचा.

पूर्व भागात काम करायचं तर भाषेचा प्रश्न येतो. विडी वळणाऱ्या अनेक बायका घरी तेलुगू बोलतात, तर दुसऱ्या गल्लीत कन्नड, तिसऱ्या गल्लीत दख्खनी उर्दू. मराठी बहुतेकींना येतं. पण पगार, नवरा, कर्ज हे मराठीतून विचारलं की उत्तरं आखडतात. दुभाषी न्या, पण कारखान्याचा मुकादम किंवा घरातला पुरुष दुभाषी म्हणून नको. त्याच भागातली बारावी-पदवीची मुलगी उत्तम. तिला मानधन द्या आणि तिची हरकत नसेल तर बातमीत तिचं नाव द्या. मराठीत बोललेलं असेल तर ते पुणेरी करून छापू नका. "काय करालाय बे" हे "काय करतो आहेस" असं दुरुस्त केलं की माणूसच बदलतो.

विडीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, आणि बातमी तिथेच अडकते. हजारी दर हा आकडा सहज मिळतो. महिन्याची कमाई त्यातून कळत नाही. मागच्या आठवड्यात काम किती दिवस मिळालं, दिवसाला किती विड्या झाल्या, मोजणीत किती बाजूला काढल्या, पान कमी पडलं तर पदरचं आणलं का, पीएफ कापला जातो का आणि त्याचा कागद हातात आहे का, हे पाच प्रश्न त्याच क्रमानं विचारा. शेवटी तास विचारा: पानं भिजवणं, कापणं, वळणं, नेऊन देणं, सगळे धरून. बाई "चार तास" म्हणते तेव्हा ती फक्त वळण्याचे सांगत असते. तासाची मजुरी काढली की किमान वेतनाच्या अधिसूचनेशी तुलना करता येते.

याच बायकांची घरकुलं हा वहीत नोंदवायच्या पहिल्या तारखेचा नमुना म्हणून बघा. सोलापूरजवळच्या कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं २००६ मध्ये झाली. शेजारच्या रे नगरमधल्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. त्या दिवशी देशभरातले कॅमेरे तिथे होते. तुमचं काम त्यानंतरचं. किती घरांत लोक राहायला गेले? एक गल्ली ठरवून दर तीन महिन्यांनी संध्याकाळी साडेसातला दिवे मोजा. महावितरणकडून महिन्याला ३० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या जोडण्यांची फक्त संख्या मागा. शहरातून तिकडे जायला शेवटची बस किती वाजता, शाळेत पटावर किती आणि हजर किती, विडीचा माल घेणारी शाखा तिथे आली का, की बाईला अजून रोज शहरात यावं लागतं? घर बदललं आणि काम तिथेच राहिलं, तर रिक्षाचं भाडं मजुरीतून वजा करा.

बालविवाहावर लिहाल तेव्हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा जपून वापरा. पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के आहे. तो २० ते २४ वयाच्या, अठराच्या आत लग्न झालेल्या बायकांचा. म्हणजे ती लग्नं सर्वेक्षणाच्या काही वर्षं आधीची. "या वर्षी इतके टक्के बालविवाह" असं त्यातून निघत नाही. प्रशासनानं "रोखलेले" विवाह हा वेगळाच आकडा; तो वाढला तर विवाह वाढले की तक्रारी वाढल्या, हे तपासल्याशिवाय कळत नाही. मुलीचं नाव, फोटो, गाव, शाळा यांतलं काहीही देऊ नका. छोट्या वस्तीत "अमुक गावातली दहावीची मुलगी" एवढंही ओळख पटायला पुरतं. अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) याचं कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ यानुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे. तरुणाच्या आत्महत्येच्या बातमीत पद्धत, चिठ्ठी आणि एकच एक कारण देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

आरोप असलेली बातमी असेल तर संबंधितांना प्रश्न लेखी पाठवा, किमान एक पूर्ण कामाचा दिवस द्या, आणि पाठवल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" एवढं ऐकून "प्रतिसाद मिळाला नाही" असं लिहू नये. मारहाण वा धमकी झाली तर महाराष्ट्रात २०१७ चा पत्रकार संरक्षणाचा कायदा आहे, आणि त्यातला तपास पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. फिर्याद देताना कायद्याचं नाव आवर्जून घाला.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. फोन, कॉलरला लावायचा माइक, पॉवर बँक आणि पाण्याची बाटली. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार शेतात किंवा माळावर भेटी ठरवू नका. लोकही कावलेले असतात आणि फोनही तापून बंद पडतो. मुलाखतीच्या फाइलला तारीख, ठिकाण, विषय या क्रमानं नाव द्या. "रेकॉर्डिंग २७" या नावाची फाइल दोन वर्षांनी सापडत नाही.

वहीची दर महिन्याला फोटो काढून एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवा. आणि नोकरी सोडलीत तर मूळ वही तुमच्यानंतर हे विषय घेणाऱ्याच्या हातात द्या. नळांच्या दहा घरांचे फोन क्रमांक मात्र आधी त्या घरांना विचारूनच.